यंत्र वाचत नाही त्या ओळी

नुनिंगला जावा बेटावरच्या तिर्तावाना जिल्ह्याच्या माहिती खात्यात चौदा वर्षं झाली होती आणि चौदाही वर्षं ती हंगामीच होती. दर डिसेंबरात करार संपायचा, जानेवारीत नवा व्हायचा, मधले चार दिवस ती कागदोपत्री कुणीच नसायची. पण त्या चार दिवसांतही फोन तिलाच यायचे. शिकली होती शेतकीची पदविका, तीही आळिंबीच्या लागवडीत. लागली होती टंकलेखक म्हणून. मग एके दिवशी गावांच्या वेबसाइट बनवणारा ठेकेदार फोन उचलेनासा झाला आणि तेव्हाच्या साहेबांनी खोलीभर नजर फिरवून विचारलं, "चालू कॉम्प्युटर कुणाच्या टेबलावर आहे?" टेबल नुनिंगचं होतं. झालं.

जिल्ह्यात गावं एकशे सत्त्याऐंशी. एक साचा करावा आणि त्यात सगळी गावं बसवावीत, एवढी अक्कल त्या ठेकेदाराने खर्च केली नव्हती. त्याने एकच वेबसाइट एकशे सत्त्याऐंशी वेळा उतरवून ठेवली होती. त्यामुळे एक शब्द बदलायचा झाला तरी तो एकशे सत्त्याऐंशी ठिकाणी बदलायचा. त्यात प्रत्येक गावाच्या पहिल्या पानावर बुपातींचा, म्हणजे जिल्ह्याच्या प्रमुखांचा, हसरा फोटो आणि खाली सगळ्या पदव्यांसकट नाव. निवडणूक झाली, बुपाती बदलले. नुनिंगने एकेक गाव उघडून फोटो बदलला, नाव बदललं. अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी वरून पत्र आलं की बुपातींच्या दुसऱ्या पदवीनंतरचा पूर्णविराम राहिला आहे, तरी तो तातडीने द्यावा.

त्या संध्याकाळी ती घरी जाऊन कुणाशी बोलली नाही. नवरा, वार्तोनो, पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. त्याने जेवताना दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तिने सांगितलं.

"एकशे सत्त्याऐंशी पूर्णविराम?"

"हो."

"हाताने?"

"मग काय पायाने?"

वार्तोनोने भाताचा घास गिळला. "मी एवढे सारखे नट हाताने आवळायला लागलो तर लोक म्हणतील, याच्याकडे पाना नाही."

नुनिंगने पाना शोधायला घेतला. इंटरनेटवर अनोळखी माणसांनी आपापल्या अडचणीपुरत्या लिहिलेल्या चार-दोन ओळी सापडायच्या, त्या ती वहीत उतरवून घ्यायची, एका चाचणीच्या फोल्डरवर चालवून बघायची, बिघडलं की पुन्हा वाचायची. तीन आठवड्यांनी तिची पहिली स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला द्यायची आज्ञावली, तयार झाली. सहा ओळींची. प्रत्येक गावाच्या फोल्डरात जा, जुनं नाव शोध, त्या जागी नवं घाल, बाहेर ये. चाळीस सेकंदांत एकशे सत्त्याऐंशी पूर्णविराम पडले. नुनिंग पडद्याकडे बघत बसली. आनंद व्हायला हवा होता. तिला ते अकरा दिवस आठवले आणि डोकं भणभणलं. उठून ती कॅन्टीनमध्ये गेली, मेंदोआन भज्यांची अख्खी बशी एकटीने संपवली आणि मग परत आली.

नंतर स्क्रिप्ट वाढत गेल्या. वैताग आला की स्क्रिप्ट, असंच ते चालायचं. सर्व्हरची सुरक्षा-प्रमाणपत्रं मुदत संपायच्या आत नवी करणारी. रोज सगळ्याची प्रत काढून आठवड्यापूर्वीची प्रत फेकणारी. प्रचंड फोटो लहान करणारी. मग एका सोमवारी जिल्ह्यातल्या सव्वाशे गावांच्या पानांवर ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती उगवल्या, तेव्हा त्या शोधून उपटणारी. तिने पहिल्यांदा ती 'गाकोर' या शब्दावर चालवली, कारण जुगारवाले तो शब्द हटकून वापरायचे. अर्ध्या तासात एका गावप्रमुखाचा फोन आला की आमच्या बुलबुल स्पर्धेचं पान कुणी उडवलं. पक्षी मोकळ्या गळ्याने गायला लागला की त्यालाही गाकोरच म्हणतात, हे नुनिंगच्या लक्षात राहिलं नव्हतं. तिने पान परत बसवलं, स्क्रिप्टमध्ये त्या गावासाठी अपवाद घातला आणि वर टिपण लिहिलं.

ही टिपणं तिची स्वतःची होती. स्क्रिप्टमध्ये ओळीच्या सुरुवातीला # हे चिन्ह टाकलं की यंत्र ती ओळ वाचत नाही, सोडून देऊन पुढे जातं. ती ओळ माणसासाठी असते. आणि एकेचाळीस स्क्रिप्टमधल्या त्या ओळी वाचणारं माणूस जगात एकच होतं, नुनिंग स्वतः. त्यामुळे दिवसभर साहेबलोकांना "हो पाक", "करते पाक", "माफ करा पाक" म्हणत साठलेलं सगळं ती तिथे ओतायची. तेही कचेरीतल्या आदबशीर भाषेत नव्हे, घरच्या अरे-तुरेच्या जावानीजमध्ये.

# पक्षी जुगार खेळत नाहीत. पाखरांच्या गावाला हात लावू नकोस.

# साहेबाने मोबाइलवरून अठरा एमबीचा फोटो चढवला. त्यात त्याचं नाक सोडून काही दिसत नाही. ही स्क्रिप्ट नाक लहान करते.

# बुपातीची पदवी बदलली. यंदा तिसऱ्यांदा. माणूस तोच, अक्कल तेवढीच.

# वेबसाइट उघडताना धोक्याची लाल पाटी दिसली की लोक फोन करतात, सरकारवर हल्ला झाला. हल्ला नाही रे बाबा. प्रमाणपत्र संपलंय. कुणाच्या बापाला ते नवं करायचं सुचलं नाही.

एवढं लिहिलं की तिला बरं वाटायचं. मग ती तोंड धुऊन यायची आणि पुढचा फोन उचलायची.

गेल्या वर्षी सगळी गावं नव्या यंत्रणेत हलवायचा ठेका निघाला आणि जकार्ताच्या एका कंपनीचा माणूस येऊन बसला. नाव रोनाल सिहोतांग, वय पस्तिशीच्या आसपास, मेदानकडचा, बाताक जमातीचा. आवाज असा की चहा मागितला तरी भांडतोय वाटावं. पण कामाला पक्का. पहिल्या दिवशी तो नुनिंगसमोर खुर्ची ओढून बसला आणि 'म्बाक', म्हणजे ताई, म्हणूनच त्याने सुरुवात केली.

"म्बाक, माहितीपुस्तक द्या."

"कसलं?"

"हे सगळं कसं चालतं, त्याचं. काहीतरी लिहिलेलं असेलच."

"चौदा वर्षांत कुणी मागितलं नाही."

"मग चालतं कसं?"

नुनिंगने फोल्डर उघडून दाखवला. रोनालने एकेचाळीस नावं वरून खाली वाचली, तीन फाइल उघडल्या, मान डोलावली. "अहो, हेच तर माहितीपुस्तक आहे. प्रत्येक ओळीवर खुलासा लिहिलाय तुम्ही. आमच्याकडची पोरं एक अक्षर लिहीत नाहीत."

रोनालला जावानीज येत नव्हती. नुनिंगच्या ते ध्यानात आलं नाही, कारण कचेरीत तो सगळ्यांशी इंडोनेशियनमध्येच बोलायचा आणि बाकी सगळेही. तिने फोल्डर त्याच्या हवाली केला आणि सुटका झाल्यासारखी जेवायला गेली.

पंधरा दिवसांनी सोमवारच्या बैठकीत टेबलावर प्रत्येकाच्या पुढ्यात एक बांधीव पुस्तक होतं. निळं कव्हर, त्यावर जिल्ह्याचं बोधचिन्ह आणि सोनेरी अक्षरात 'विद्यमान कार्यप्रणालीचा खुलासेवार दस्तऐवज'. रोनालने एकेचाळीस स्क्रिप्ट अक्षरशः जशाच्या तशा छापल्या होत्या. टिपणं वेगळी उठून दिसावीत म्हणून जाड ठशात.

नुनिंगने मधलंच एक पान उघडलं. नाकाचं निघालं. तिने पुस्तक मिटलं.

टेबलाच्या टोकाला पाक कुस्वांतो, खात्याचे साहेब, चष्मा पुसत होते. तीन वर्षांपूर्वी ते मत्स्य खात्यातून बदलून आले होते. त्यांनी पुस्तक उघडलं, दोन पानं वाचली, तिसऱ्यावर थांबले. सामान्य प्रशासनाच्या हार्नीबाई, सगळ्यांच्या बू हार्नी, त्यांच्या शेजारी होत्या. त्यांच्या हातातलं तळलेलं केळं वाटेतच थांबलं होतं. एका कोपऱ्यातून कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेलं. बाहेर बराच वेळ हसण्याचा आवाज येत राहिला.

"फार सविस्तर झालंय," पाक कुस्वांतो म्हणाले. "मी घरी नेऊन वाचतो."

"बघा," रोनाल नुनिंगकडे वळून म्हणाला. "आवडलं."

बैठकीनंतर जिन्यात तिने त्याला 'बांग', म्हणजे दादा, अशी हाक मारून गाठलं. "बांग रोनाल, तुम्ही वाचलंत का ते?"

"आज्ञा सगळ्या तपासल्या. टिपणं तुमच्या भाषेत आहेत, मला कशी कळणार? का, काही चुकलं?"

तिने पहिल्या पानावरचं एक टिपण त्याला इंडोनेशियनमध्ये सांगितलं. मग दुसरं. रोनाल पायरीवर बसला.

"प्रती किती छापल्या?" तिने विचारलं.

"पस्तीस. एक बुपातींच्या कचेरीत गेलीय."

गुरुवारी साहेबांचं बोलावणं आलं. त्यांनी चहा मागवला. तिच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. वार्तोनोचं दुकान कसं चाललंय विचारलं. यंदा डुरियन लवकर येईल असं म्हणाले. जावामध्ये साहेब इतका वेळ इकडचं तिकडचं बोलायला लागला की पुढे काय वाढून ठेवलंय ते माणसाला कळतं. नुनिंगच्या कपातला चहा तसाच राहिला. मग त्यांनी खणातून निळं पुस्तक काढलं. त्यातून पिवळ्या चिठ्ठ्या डोकावत होत्या, वीस तरी असतील.

"हे पान बारा. 'साहेबाला वेबसाइट आणि फेसबुक यातला फरक सांगून माझी जीभ झिजली.' हे कोण, म्बाक?"

"ते आधीचे साहेब, पाक."

"तारीख तुम्हीच घातलीय. तेव्हा मी होतो."

त्यांनी पुढची चिठ्ठी उघडली.

"पान एकोणीस. नाक."

"पाक, मी..."

"ते आधीच्यांचं आहे. तारीख बघितली मी." त्यांनी चिठ्ठी काढून बाजूला ठेवली. "त्यांचं नाक तसंच होतं." एवढं म्हणून ते पुन्हा गंभीर झाले. "हे बघा, मला राग आलाय असं नाही. पण हा सरकारी दस्तऐवज झाला. बुपातींच्या कचेरीत अजून कुणी वाचला नसावा, वाचला असता तर एव्हाना मला कळलं असतं. ती प्रत मी मागवून घेतो. तुम्ही मूळ फाइल स्वच्छ करा. आजच. एक टिपण राहता कामा नये."

"पाक, त्यातली काही कामाची आहेत. कुठली ओळ का घातलीय ते..."

"एकही नको."

नुनिंग टेबलावर येऊन बसली. टिपणं काढायला एका ओळीची आज्ञा पुरते: # ने सुरू होणारी प्रत्येक ओळ पुसून टाक. फक्त प्रत्येक फाइलची अगदी पहिली ओळही त्याच चिन्हाने सुरू होते आणि ती मात्र यंत्राला लागते, ती सांभाळावी लागते. तिने ती सांभाळली. आधी जुन्या फोल्डरची एक प्रत स्वतःच्या घरच्या लॅपटॉपवर घेतली, मग आज्ञा चालवली. अकरा वर्षांचा वैताग दोन सेकंदांत गेला. राहिल्या त्या फक्त आज्ञा. गुळगुळीत, नुसत्या. तिचं तिलाच ते परक्याचं वाटलं.

रोनालने माफी मागितली. तीनदा, आणि तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने की पलीकडच्या खोलीतून बू हार्नी बघायला आल्या. नुनिंग म्हणाली, राहू द्या. पण तिच्या मनातून ते जात नव्हतं. राग रोनालचा नव्हता, साहेबांचाही तेवढा नव्हता. एवढी वर्षं तिने काय केलं ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं तेव्हा पिवळ्या चिठ्ठ्या लावून विचारलं, याचा होता.

काम पुढे चालू राहिलं. नव्या यंत्रणेत नेण्याआधी सगळ्या गावांची पानं एकसारख्या साच्यात आणायची होती. त्यासाठी नुनिंगचीच एक स्क्रिप्ट रोनाल वापरत होता. तिच्यात एक ओळ होती: 'कालिसेंपू आलं तर सोडून दे.' का सोडून द्यायचं ते वर लिहिलेलं होतं, पण आता वर काही नव्हतं.

एका मंगळवारी रोनालने कचेरीच्या ग्रुपवर विचारलं, "कालिसेंपू गाव वगळायचं कारण सापडत नाही. जुनं काहीतरी राहून गेलेलं दिसतंय. काढू का?" त्या दिवशी नुनिंगला 'हसतमुख सेवा' या विषयावरच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं आणि तिथे फोन टोपलीत जमा करून घेतले होते. ग्रुपवर पाक कुस्वांतोंनी होकाराचा अंगठा टाकला. रोनालने ओळ काढली. संध्याकाळी नुनिंगला फोन परत मिळाला तोवर तो निरोप बाकीच्या निरोपांच्या ढिगाखाली गेला होता.

तिला कळलं ते बाराव्या दिवशी. फोन कालिसेंपूच्या चारिकचा होता, म्हणजे गावच्या चिटणिसाचा. पाक तुमिजान त्यांचं नाव. साठीला आलेले, निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. ते तिला 'न्दुक' म्हणायचे, घरातल्या लेकीला म्हणतात तसं, आणि ती त्यांना 'म्बाह', म्हणजे आजोबा.

"न्दुक, माझी माणसं कुठे गेली?"

"कुठली माणसं, म्बाह?"

"कबरस्तानातली."

नुनिंगने कालिसेंपूची वेबसाइट उघडली, कबरस्तानाचं पान तिथे नव्हतं.

सात वर्षांपूर्वी नदीचा बंधारा वाढवला तेव्हा कालिसेंपूचं कबरस्तान पाण्याखाली जाणार होतं. तीनशे बारा कबरी उकरून वर सागाच्या उतारावर नेल्या. जुन्या कबरींवर नावं नव्हतीच, लाकडाच्या दोन खुंट्या असायच्या, आणि हलवताना त्याही नव्या लावल्या. त्या महिनाभर पाक तुमिजान रोज मजुरांच्या मागे फिरले आणि कुठल्या ओळीतलं माणूस कुठल्या ओळीत गेलं ते लिहून काढलं. नुसतं नाव लिहून भागत नव्हतं, गावात सुमार्तो नावाचेच सात मेले होते. म्हणून 'तोफूवाला सुमार्तो', 'लंगडा सुमार्तो', 'कामियाचा दुसरा नवरा सुमार्तो'. ती यादी त्यांनी गावाच्या वेबसाइटवर स्वतःच्या हाताने, दोन बोटांनी, साच्याबाहेर एक पान करून चढवली होती. त्यांची वही पुढच्याच पावसात भिजून गेली. पान तेवढं राहिलं. रमजानच्या आधीच्या महिन्यात बाहेरगावी गेलेली लेकरं कबरी झाडायला गावी यायची आणि मोबाइलवर ते पान उघडून आपापला बाप शोधायची.

"कबरी झाडायला लोक कधी येणार, म्बाह?"

"पुढच्या रविवारी. आज एकजण आधीच आला. रेल्वेत आहे, सुट्टी नंतर मिळणार नव्हती. त्याला आई सापडेना."

"मी बघते."

तिने रोजची प्रत उघडली. प्रती सात दिवसांच्या राहतात. सातही दिवसांत कालिसेंपूचं पान नव्हतं. ती स्क्रिप्ट तिचीच होती, आठवड्यापूर्वीचं फेकून दे असं तिनेच यंत्राला सांगितलं होतं.

रोनालला तिने हाक मारली नाही, तोच तिचा चेहरा बघून उठून आला. तिने पडदा त्याच्याकडे फिरवला. कालिसेंपूच्या जागी सगळ्या गावांसारखंच गुळगुळीत पान होतं, वर बुपाती हसत होते.

"मी विचारलं होतं," तो म्हणाला. "ग्रुपवर."

"आत्ता वाचलं मी."

"कुणी सांगितलं नाही की..."

"सांगितलं होतं. लिहून ठेवलं होतं. तुम्ही ते जाड ठशात छापलं आणि साहेबांनी ते पुसायला लावलं आणि मी पुसलं. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलंय, बांग."

ती सरळ घरी गेली, लॅपटॉप उघडला आणि जुन्या फोल्डरमधली ती फाइल काढली. ओळीच्या वर तिचंच टिपण होतं.

# कालिसेंपूला हात लावशील तर हात झडेल. म्हाताऱ्याने मेलेली माणसं हाताने मांडलीत. साच्यात बसत नाहीत. साच्याला आग लागो. प्रत लाल डिस्कवर, माझ्या खणात. दर चार महिन्यांनी नवी घे, विसरू नकोस.

कचेरीत परत येऊन बघितलं तर खणात लाल डिस्क नव्हती. ती बू हार्नींनी सामूहिक व्यायाम स्पर्धेचे व्हिडिओ ठेवायला नेली होती. बू हार्नी आधी म्हणाल्या, नेली नाही. मग म्हणाल्या, परत दिली. मग ती त्यांच्या कपाटात निघाली. "जागा कमी पडत होती म्हणून जुनं काहीतरी काढणार होते," त्या म्हणाल्या, "पण ते कसं काढतात ते मला येत नाही." नुनिंगने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला काही येत नाही याबद्दल मनापासून आभार मानले.

पान सापडलं. तीनशे बाराच्या तीनशे बारा आणि नंतर गेलेलेही. पण प्रत चार महिन्यांपूर्वीची होती. पाक तुमिजान फोनवर बोटं मोजत म्हणाले, "त्यानंतर सहा गेले, न्दुक. सगळे सांगता येतील असं नाही. ओळी चुकतात माझ्या हल्ली. जाऊन बघावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी नुनिंग स्कूटर काढत होती तर रोनाल फाटकाशी उभा. कचेरीचे काळे बूट, इस्त्रीचा शर्ट.

"मी येतो."

"तिथे चिखल आहे."

"चूक माझी आहे. मी येतो."

सागाच्या उतारावर पाक तुमिजान आधीच येऊन बसले होते, डोक्यावर टोपी, हातात काठी. रोनालचे बूट पहिल्याच वळणावर भरले. तो वही धरून उभा राहिला, म्हाताऱ्याने सांगायचं, नुनिंगने ओळ मोजायची आणि रोनालने लिहायचं.

"तुमच्याकडे कशा असतात कबरी?" म्हाताऱ्याने चालता चालता विचारलं.

"आमच्याकडे सिमेंटच्या. राहत्या घरापेक्षा मोठ्या. वर नाव, आजोबाचं नाव, सगळं."

"हरवत नसतील."

"नाही. पण त्या बांधता बांधता जिवंत माणसं घायकुतीला येतात."

म्हातारा हसला. मग काठीने दाखवत गेला. सहावी ओळ, चौथी: गवंडी पार्तोरेजो. सातवी, पहिली: बू सितुम, मिरचीवाली. एका ठिकाणी तो अडला, पुढे गेला, परत मागे आला, खाली वाकून खुंटीवर हात फिरवला. "हा वागिमीन. खुंटी मीच तासली होती." पाच झाल्या. सहावी झाडाच्या मुळाशी होती, हातभर लांबीची.

रोनालने पेन टेकवलं. "नाव?"

"नाव ठेवायचं राहिलं," पाक तुमिजान म्हणाले. "लिहा, यातिनीची मुलगी."

रोनालने लिहिलं. मग ओळ आणि क्रमांक दोनदा मोजला, स्वतः.

पान त्याच दुपारी परत चढलं. रविवारी लोक आले, झाडू आणि फुलं घेऊन उतारभर पसरले. त्या रेल्वेवाल्याला तेवढ्यासाठी पुन्हा येता आलं नाही. त्याच्यासाठी पाक तुमिजाननी आईच्या कबरीचा फोटो काढून पाठवला.

सोमवारी पाक कुस्वांतोंनी नुनिंगला बोलावलं. या वेळी चहा नाही, आईचे गुडघे नाहीत.

"अंगठा मी दिला होता," ते म्हणाले.

हो म्हणणं बरं दिसलं नसतं आणि नाही म्हणायची तिची तयारी नव्हती.

"मला वाटलं तो हवामानाबद्दल काही विचारतोय. कालिसेंपूला पाऊस वगैरे. ग्रुपवर दिवसाला दोनशे निरोप येतात, म्बाक." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "टिपणं परत घाला. सगळी. मात्र भाषा सुधारा. ती कचेरीच्या भाषेत असतील आणि बू हार्नी तपासून सही करतील."

"पाक, एकेचाळीस स्क्रिप्ट आहेत. टिपणं चारशेच्या वर आहेत."

"घाई नाही."

अशी ती परत घातली गेली. नुनिंग रोज दहा-बारा टिपणं कचेरीच्या भाषेत बसवायची आणि छापून बू हार्नींकडे पाठवायची, कारण बू हार्नी पडद्यावर तपासत नसत. ती तांबड्या शाईने परत यायची. 'गाढवपणा' खोडून 'अनवधान'. 'कुणाच्या बापाला सुचलं नाही' याच्या जागी 'संबंधितांच्या निदर्शनास आले नाही'. 'साच्याला आग लागो' पूर्ण खोडलेलं, समासात प्रश्नचिन्ह. मग बू हार्नींनी प्रत्येक टिपणाला जावक क्रमांक हवा असं काढलं. नुनिंग तो क्रमांक कुठे टाकायचा हे विचारायला गेली, तर त्या म्हणाल्या, "वर उजवीकडे. पत्राला असतो तसा."

"बू, हे पत्र नाहीये. यंत्राच्या फाइलमध्ये उजवीकडे असं काही नसतं."

"मग डावीकडे टाका. मी समजून घेईन."

रोनाल दोन महिन्यांनी जकार्ताला परत गेला. जाताना त्याने नुनिंगला एक छोटी फाइल पाठवली. स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट होती: कुणी वगळण्याची ओळ काढली तर यंत्र थांबतं आणि विचारतं, कारण वाचलं का. तिने ती चालवून बघितली. चालत होती. टिपण मात्र त्याने कुठे लिहिलं नव्हतं. तिने त्याला फोन केला.

"बांग, ही कशासाठी आहे ते वर लिहा की."

"तुम्हाला माहितीय ना कशासाठी आहे."

"मला आज माहितीय. पुढच्या वर्षी मी कुणाला विचारू?"

तो कुरकुरला, पण त्याने लिहून पाठवलं. चांगल्या इंडोनेशियनमध्ये, चार ओळी, कालिसेंपू गावाचं नाव आणि तारीख घालून. बू हार्नींनी त्यात दोन स्वल्पविराम सुधारले आणि सही केली.

नव्या यंत्रणेत एकशे एकावन्न गावं गेली. उरलेली छत्तीस वेगवेगळ्या कारणांनी जुन्या सर्व्हरवरच राहिली. तात्पुरती, असं साहेब म्हणाले. डिसेंबर आला, नुनिंगचा करार संपला. त्या चार दिवसांत वार्तोनोने तिचा फोन तांदळाच्या डब्यात लपवून ठेवला. दुसऱ्या दिवशी डबा थरथरायला लागला. तिने झाकण काढून नंबर बघितला, मग वार्तोनोकडे बघितलं, आणि तांदूळ झटकत फोन उचलला.

"बोला पाक. हो. नव्या यंत्रणेतलं गाव ना? नाही, हल्ला नाही तो. लाल पाटी आहे ना? ती प्रमाणपत्राची."